लघु, गुरू, प्लुत, गुरू

छंदशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कोणते प्रश्न विचारले जातात ह्याची एक ठरलेली यादी असते. शार्दूलविक्रीडिताचे गण कोणते, जोडाक्षरापूर्वीचे लघु अक्षर गुरू केव्हा होते, मुक्तछंदाला छंद का म्हणायचे, आणि अलीकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे हा भाग परीक्षेत किती गुणांना आहे. मोटारीखाली इंग्रजी ‘एच’च्या आकाराचा पाइप बसवावा की ‘एक्स’च्या, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. तो मला गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने मिशिगनहून विचारला, आणि पुढचे दोन महिने मी मनातल्या मनात त्याचेच उत्तर शोधत होते.

भाचा मालवणात वाढला आणि २०१४ साली शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. आता तो डिअरबॉर्नच्या आसपास राहतो. डिअरबॉर्न हे फोर्ड कंपनीचे गाव. एखादी जुनी मोटार विकत घ्यावी आणि सुटीचे दिवस तिच्याखाली उताणे पडून घालवावेत, ह्यात तिकडे कोणाला काही वावगे वाटत नाही. त्याने घेतली ती १९९१ सालची मस्टँग. पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. कारखान्यातून निघाली तेव्हा तिची शक्ती २२५ अश्वशक्ती सांगितली जाई. इंजिन शाबूत होते, पण खालचे पाइप गंजून भुगा झाले होते. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज खाल्लेले ज्याने लहानपणापासून पाहिले त्याला ह्या गंजाचे नवल वाटले नाही. पाइप बदलायचेच होते. कोणते घ्यायचे एवढेच ठरायचे होते.

त्याने दोन ध्वनिमुद्रणे पाठवली आणि खाली लिहिले, “आत्ये, तू कवितेच्यो मात्रा मोजतस मां? मगे हेच्यो मोज.”

मी हा प्रश्न इतका मनावर का घेतला ते सांगायला हवे. माझे थोरले बंधू, म्हणजे ह्याचे वडील, २०१९ साली गेले. त्यानंतर आमचे दर रविवारचे फोन हळूहळू आक्रसत गेले होते. जेवलास का, थंडी किती आहे, घराची कौले परतून झाली का, एवढ्यावर संभाषण येऊन थांबे. दोघांनाही एकमेकांविषयी माया होती; बोलायला विषय नव्हता. त्याला कवितेत रस नाही आणि मला मोटारीत बसले की झोप येते. अशा वेळी त्याने माझ्या विषयाच्या दारावर टकटक केली होती, तीही पाइपाने. ती न ऐकल्यासारखे करणे मला शक्य नव्हते.

आधी वस्तू समजून घेतली. ह्या इंजिनात आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत, ‘व्ही’ अक्षरासारखे तिरपे बसवलेले असतात. उजव्या रांगेचा जळका वायू उजव्या पाइपाने, डाव्या रांगेचा डाव्या पाइपाने मागच्या सायलेन्सरपर्यंत जातो. ह्या दोन समांतर पाइपांना वाटेत जोडणारा जो तुकडा, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. ‘एच’ पाइपात दोन्ही नळ्या सरळ जातात आणि मध्ये एक आडवी छोटी नळी त्यांना जोडते. ‘एक्स’ पाइपात दोन्ही नळ्या एकमेकींकडे वळतात, एका जागी मिळतात आणि पुन्हा वेगळ्या होतात.

भाच्याला मी आमच्या भाषेत विचारले, तेव्हा त्याला ते लगेच पटले. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते तो ‘एक्स’. तिथे कोणते पाणी कोणाचे हे ओळखू येत नाही. दोन कुणग्यांमधली मेर एका जागी फोडली तर तो ‘एच’. पाणी आपापल्या कुणग्यातच राहते, पातळी तेवढी एक होते.

मात्र वायू पाण्यासारखा सलग वाहत नाही. सिलिंडरची झडप उघडली की दाबाचा एक धक्का पाइपात शिरतो आणि तापलेल्या वायूतून सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वेगाने पुढे जातो. त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी येते आणि पुढच्या सिलिंडरातला जळका वायू बाहेर ओढायला मदत करते. आपण ज्याला इंजिनाचा आवाज म्हणतो तो ह्या धक्क्यांचा क्रम असतो. धक्के कोणत्या अंतराने येतात ह्यावर त्याचे रूप ठरते. इथे मी खुर्चीत ताठ बसले, कारण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे आघात हा तर माझाच विषय.

त्या इंजिनाचा प्रज्वलनाचा क्रम भाच्याने लिहून पाठवला: १, ३, ७, २, ६, ५, ४, ८. फोर्डच्या पद्धतीत १ ते ४ हे सिलिंडर उजव्या रांगेतले आणि ५ ते ८ डाव्या. इंजिनाच्या दांड्याचे दोन फेरे झाले की आठही सिलिंडर एकेकदा पेटून होतात, आणि दोन पेटण्यांमधले अंतर सारखे असते. ह्या अंतराला एक मात्रा म्हणू या. म्हणजे एका आवर्तनात आठ मात्रा. आता फक्त उजवी रांग पाहा. १ पेटल्यावर एका मात्रेने ३ पेटतो. मग दोन मात्रांनी २. मग तीन मात्रांनी ४. आणि त्यानंतर दोन मात्रांनी पुन्हा १. एक, दोन, तीन, दोन, बेरीज आठ.

लघु, गुरू, प्लुत, गुरू.

मी ते कागदावर तीनदा मांडून पाहिले. मग डावी रांग घेतली. ६ पासून सुरुवात केली तर ६, ५, ८, ७. अंतरे पुन्हा एक, दोन, तीन, दोन. दोन्ही रांगा एकच चरण म्हणतात, फक्त डावी रांग चार मात्रा उशिरा सुरू करते. माधव जूलियनांनी, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धनांनी, ‘छंदोरचने’त आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तन म्हटले आहे; आपले पादाकुलक त्यातलेच. भजनात वाजणारी धुमाळीही आठ मात्रांची, आणि तिची खाली पाचव्या मात्रेवर येते. म्हणजे उजव्या रांगेची जिथे सम, तिथे डाव्या रांगेची खाली. सिंधुदुर्गातल्या वाचकाला ह्यापुढे स्पष्टीकरण नको. ही डबलबारी आहे. समोरासमोर दोन बुवा बसलेत, ताल एक, ठेका एक, फक्त एकाची उठावणी दुसऱ्याच्या मध्यावर.

इंजिन स्वस्थ उभे असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते, म्हणजे हे आवर्तन सेकंदाला सहा-सात वेळा पुरे होते. इतक्या वेगात मात्रा मोजता येत नाहीत. म्हणून भाच्याने युक्ती केली. त्याच्या एका मित्राच्या मोटारीला तेच इंजिन होते आणि तिचे दोन्ही पाइप कुठेही न जोडता मागेपर्यंत वेगळे ठेवले होते. त्यातल्या एकाच पाइपाच्या तोंडाशी आवाज मुद्रित करून त्याने तो आठपट मंद केला. मी टाळी धरली. धप्, धप्... धप्..... धप्... आणि पुन्हा धप्. त्या मोटारीची जी प्रसिद्ध गुडगुड, ती ह्या प्लुताची करामत आहे. तीन मात्रांची उसंत, मग दोन मात्रा, आणि मग एकदम जोडून आलेले दोन आघात. वेग वाढवला की आवर्तने एकमेकांना चिकटतात. मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या आसपास ती सेकंदाला वीस होतात, आणि तिथून पुढे आपला कान त्यांना ताल म्हणून न ऐकता खर्जातला स्वर म्हणून ऐकू लागतो. ताल कुठे संपतो आणि स्वर कुठे सुरू होतो हे मी पंचवीस वर्षे शब्दांनी समजावत आले. ते इतके स्पष्ट मला ह्या यंत्राने ऐकवले.

ही असमानता ओढूनताणून आलेली नाही. १९२३ साली कॅडिलॅकने ह्या घडणीच्या इंजिनात दांड्याचे खटके एकाच पातळीत न ठेवता फुलीसारखे काटकोनात बसवले, ते हादरे कमी करण्यासाठी. शरीराची थरथर शमली, पण त्याची किंमत म्हणून प्रत्येक रांगेचा श्वास विषम झाला. फेरारीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत खटके एकाच पातळीत असतात. तिथे दोन्ही रांगा आळीपाळीने पेटतात आणि प्रत्येक रांगेच्या वाट्याला दोन-दोन-दोन-दोन, म्हणजे चार गुरू येतात. त्या मोटारीचा आवाज सरळ, चढा आणि तारस्वरातला असतो. आमच्याकडची बुलेट ह्या हिशेबात अगदीच मितभाषी. तिला सिलिंडर एकच. दोन फेऱ्यांत एकदा बोलते आणि उरलेल्या सात मात्रा गप्प राहते.

आता पाइपाचा प्रश्न छंदाच्या भाषेत मांडता येतो. ‘एक्स’ पाइपात दोन्ही रांगांचे धक्के एका जागी मिळतात. एकीच्या प्लुतात दुसरीचे आघात येऊन बसतात, गुरूंच्या पोटातल्या रिकाम्या मात्रा भरल्या जातात, आणि निदान कागदावर तरी आठ समान लघू उरतात. आवाज गुळगुळीत होतो, त्याची जात बारीक आणि चढी होते. वेगाने पळवल्यावर इंजिनाला श्वास सोडणे थोडे सोपे जाते, म्हणून शर्यतीची हौस असणारे लोक ‘एक्स’ निवडतात. ‘एच’ पाइपात आडव्या नळीतून दाबाची देवाणघेवाण होते, पण प्रवाह बहुतांशी आपापल्या वाटेने जातो. चरण ओळखू येतो, त्याचा कर्कशपणा कमी होतो. दोन्हींत शक्तीचा फरक थोडा असतो. रोजच्या रस्त्यावर तो बहुधा जाणवतही नाही. जाणवतो तो आवाज. म्हणजे भाचा मला जे विचारत होता ते यंत्रशास्त्र नव्हते, रुची होती. आणि रुचीच्या प्रश्नाला ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून वाटेला लावणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. वर्गात ती शिकवताना संवाद आणि विरोध ह्यांची उदाहरणे चटकन मिळतात. समतोल सांगताना माझी नेहमी ओढाताण होते. विद्यार्थ्यांना तो दोन बाजूंचा मध्य वाटतो, अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे. ह्या आडव्या नळीला मोटारीच्या धंद्यात ‘बॅलन्स पाइप’ असेही नाव आहे, हे कळल्यावर मला बरे उदाहरण सापडले. ती नळी उजव्या रांगेला डावीसारखी करत नाही. दोघींच्या मधला दाब तेवढा सारखा करते आणि प्रत्येकीला तिची लघुगुरूची मांडणी ठेवू देते. दोन घटकांतला भेद पुसून मिळते ती समता. भेद राखून मिळतो तो समतोल. ‘एक्स’ पाइपाविरुद्ध माझी तक्रार नाही. आठ सारख्या लघूंचीही एक धावती मौज असते. पण तिथे दोन बाऱ्या संपून एकच बारी उरते.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतला, कारण मालवणात राहून तो टाळता येत नाही. सुट्यांच्या दिवसांत भरडनाक्यावरून पर्यटकांच्या ज्या मोटारसायकली फाडफाड आवाज करत जातात, त्यांच्यात आणि ह्या हौशीत फरक काय? आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८चे कलम ५२ वाहनात मनमानी बदल करू देत नाही. सायलेन्सरविषयी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मध्ये नियम १२० आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवला आहे. मला त्या रोलरविषयी सहानुभूती आहे. उत्तर मिळाले ते असे की क्रॉसओव्हर हा सायलेन्सरच्या जागी येत नाही, त्याच्या आधी येतो. जोडणीमुळे प्रत्येक धक्क्याला दोन्ही सायलेन्सर मिळतात, त्यामुळे आवाज उलट थोडा उतरतोच. सायलेन्सर काढून टाकणारा मोठ्याने बोलू पाहतो. पाइप निवडणारा कसे बोलावे ते पाहतो. पहिल्याला श्रोता हवा असतो तो दचकण्यासाठी. भाच्याच्या शेजारी रात्रपाळीची एक परिचारिका राहते आणि सकाळी झोपते; तिची झोप हीसुद्धा ह्या निवडीतली एक अट होती, आणि ती त्याने आपणहून सांगितली.

दुसरी अट कायद्याची. बाजारात स्वस्त पाइप मिळतात ते उत्प्रेरकाशिवायचे. उत्प्रेरक म्हणजे पाइपाच्या वाटेतला तो डबा, जो विषारी वायू बराचसा निरुपद्रवी करून सोडतो. तो काढणे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात बसत नाही. भाच्याने उत्प्रेरकासह येणारेच पाइप पाहायचे ठरवले, आणि किमती एकदम वर गेल्या.

मग मी त्याला त्याच्या वडिलांच्या येझदीविषयी विचारले. ती अडीचशे सीसीची, म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली, दोन आघाती गाडी. तिची रचना ह्या मोटारीच्या नेमकी उलट: सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. एकच अक्षर दोन तोंडांनी बाहेर पडे. दादा कसालहून परतताना कुंभारमाठचा उतार उतरू लागला की आई चुलीवरचे पाणी खाली उतरवून भाताला आधण ठेवी. बाजारात तशा आणखी येझदी होत्या. आई त्यांच्या आवाजाने हललेली मला आठवत नाही. कोणत्या खुणेने ती ओळखत असेल? दादाची गाडी उतारावर गिअर बदलताना एकदा अडखळायची, एक क्षण गप्प व्हायची आणि मग पुन्हा बोलू लागायची. आईला ती उसंत पाठ होती. आवाजाने माणूस ओळखू येतो तो आवाजातल्या सलगपणामुळे नव्हे, त्याच्या थांबण्याच्या जागांमुळे. आमचा पुढचा रविवारचा फोन ह्या एका विषयावर पाऊण तास चालला. दादाच्या त्या अडखळण्याचे कारण क्लचची तार होती असे भाच्याचे मत पडले. मला ते माहीत नव्हते. आईलाही नसावे.

प्लुताविषयीही मी त्याला सांगितले. आपण मराठी पद्यात लघु आणि गुरू दोनच मोजतो. प्लुताचे नाव व्याकरणाच्या पुस्तकात एकदा येते आणि विद्यार्थी ते पान उलटतात. पाणिनीने प्लुत कुठे सांगितला आहे? इतर काही जागांबरोबर, दुरून हाक मारताना. समोरच्या माणसाला नावाने हाक मारायला दोन मात्रा पुरतात. तो किनाऱ्यावर पार लांब असेल तर शेवटचा स्वर तीन मात्रांपर्यंत ताणावा लागतो. धुरीवाड्यातून संध्याकाळी मुलांना घरी बोलावणाऱ्या बायकांनी पाणिनी वाचलेला नव्हता, पण त्यांच्या हाकांत ती तिसरी मात्रा बरोबर येई. भाचा फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आजयेची हाक.” मी पुढे काही बोलले नाही.

माझे मत मी त्याला लेखी दिले, जसे विद्यार्थ्याच्या प्रबंधावर देते तसे. ‘एच’ घ्यावा. कारणे तीन. हा चरण विषम आहे आणि त्याचे सौंदर्य त्याच्या विषमतेत, विशेषतः तिसऱ्या अक्षरावरच्या प्लुतात आहे. ‘एक्स’मध्ये तो प्लुत भरून निघेल. दुसरे, गाडी शर्यतीत पळवायची नसून दुकानात आणि कामावर न्यायची आहे, तेव्हा वरच्या वेगातला लाभ कागदावरच राहील. तिसरे, ह्या गाडीला कारखान्यातूनच ‘एच’ पाइप बसवलेला होता. पाठभेद निवडताना सबळ कारण नसेल तर मूळ संहितेच्या बाजूने कौल द्यावा, हे आपल्या संपादनशास्त्रातले जुने तत्त्व आहे. तिसऱ्या कारणावर तो हसला. दुसरे त्याला आधीच ठाऊक होते. पहिल्यासाठी त्याने मला विचारले होते.

आडवी नळी कुठे जोडायची ह्याचीही एक जुनी रीत त्याच्या मेकॅनिक मित्राने सांगितली. नव्या पाइपांवर लांबट रंगाचे पट्टे ओढायचे, इंजिन चालवायचे, आणि रंग जिथवर जळत जातो तिथे खूण करायची. ह्या गाडीत जोडणीची जागा उत्प्रेरकांमुळे ठरलेलीच होती, त्यामुळे त्या प्रयोगाची गरज पडली नाही. मला मात्र ती रीत आवडली. जिथे उष्णता ओसरू लागते तिथे दोघांना जोडा, असे सांगणारे शास्त्र निव्वळ यंत्रांचे वाटत नाही.

ऑक्टोबरात पाइप बसला. भाच्याने उजव्या तोंडाशी आवाज मुद्रित केला, आठपट मंद केला आणि पाठवला. मी दार लावून धुमाळीची टाळी धरली. लघु, गुरू; मग तिसरा आघात. त्याच्या पोटात मित्राच्या मोटारीसारखी निखळ शांतता नव्हती. पलीकडच्या रांगेचे धक्के आडव्या नळीतून येऊन, दाराआडून कोणी बोलावे तसे, अस्पष्ट ऐकू येत होते. तरीही मात्रा पुऱ्या तीन होत्या. मी त्या दोनदा मोजल्या आणि त्याला तसे कळवले.